घरचा उजेड, हातचा कॅमेरा



आजच्या भाषणाचा विषय ऐकायला खर्चाचा वाटेल. लघुपट, म्हणजे दहापंधरा मिनिटांचा छोटासा सिनेमा, थोड्या पैशांत आणि घरच्या उजेडात कसा करावा, हा तो विषय. सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठे दिवे, जनरेटरची गाडी आणि धावपळ करणारी पन्नास माणसे उभी राहतात. आणि मग आपण म्हणतो, हे आपले काम नव्हे. मीही तसेच म्हणत असे. मी काही सिनेमातला माणूस नव्हे. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात मराठी शिकवतो. परंतु २०२२ सालच्या डिसेंबर महिन्यात माझ्या पाच विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी अकरा मिनिटांचा एक लघुपट केला. त्याला दहा हजार रुपये खर्च आला, आणि त्यातले दीड हजार तर सरळ पाण्यात गेले. काय साधले, काय चुकले, आणि एक गोष्ट कशी कायमची हातची गेली, ते आज आपल्याला सांगणार आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेला जाऊन कॅमेरा विकत घेतला. पुढे १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांनी पाहिला, हे आपण शाळेत शिकवतो. पण त्याआधी त्यांनी काय केले होते? कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि त्याला कोंब कसा फुटतो, वेल कसा वाढतो, याचे रोज थोडे थोडे चित्रण केले. ते चित्र एकापाठोपाठ एक पडद्यावर दाखवले, तेव्हा दिवसेंदिवस चालणारी वाढ लोकांनी क्षणात डोळ्यांनी पाहिली. हा छोटा चित्रपट दाखवूनच त्यांनी पैसे घालणाऱ्यांचा विश्वास मिळवला. एक कुंडी, एक बी, आणि पुष्कळसा धीर! आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात अशी घरगुती आहे. तेव्हा घरी, घरच्या वस्तूंनी सिनेमा करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता कॅमेऱ्याविषयी. लग्नात फोटो काढणाऱ्याच्या गळ्यात जो काळा, जाडजूड, पुढचे भिंग काढता-घालता येणारा कॅमेरा असतो, त्याला डी.एस.एल.आर. म्हणतात. तो मुळात फोटोसाठी केलेला. २००८ सालापासून अशा कॅमेऱ्यात चलच्चित्र घेण्याची सोय आली आणि ज्यांच्यापाशी सिनेमाचा लाखो रुपयांचा कॅमेरा नव्हता, त्यांच्या हाती एकाएकी एक चांगले साधन आले. आता कंपन्यांचा ओढा आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांकडे आहे. त्यामुळे जुना डी.एस.एल.आर. फोटो स्टुडिओतून भाड्याने मिळतो, किंवा वापरलेला स्वस्तात विकत मिळतो. तो मोबाइलपेक्षा बरा का? एक तर प्रकाश टिपणारा त्याचा पडदा मोबाइलच्या पडद्याहून कितीतरी मोठा असतो. पागोळीखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी परातीत जास्त साठते, तसेच हे. आणि दुसरे म्हणजे भिंग बदलता येते. ज्यांच्यापाशी मोबाइलच आहे त्यांनी मात्र निराश होऊ नये. मी पुढे जे सांगणार आहे त्यातले बहुतेक त्यालाही लागू पडते.

आमच्या लघुपटाचा विषय होता एका वाडीवरचे म्हातारे कारागीर. वय पंच्याहत्तरच्या पुढे. जन्मभर बांबूच्या सुपल्या, हारे, रोवळ्या केल्या. त्या पंचक्रोशीत हाताने रोवळी विणणारे तेवढे एकच उरलेले. रोवळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आई तिच्यात तांदूळ धूत असे. पण तिचा तळ चौकोनी आणि तोंड गोल असते, हे कितीजणांच्या ध्यानात आले असेल? चौकोनाचा गोल कुठे आणि कसा होतो, ते कोपरे कसे वळतात, हीच त्या कामातली खुबी. ते आम्हाला टिपून ठेवायचे होते. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो ते थाटात. मंडपवाल्याकडून दीड हजार रुपये भाड्याने दोन मोठे दिवे नेले होते. बाबांच्या माजघरात ते उभे केले, बटण दाबले, आणि फट्कन सारे घर अंधारात गेले. फ्यूज उडाला. तो बसवला, पुन्हा उडाला. शेवटी एकच दिवा लावला. त्या झोताने बाबांच्या डोळ्यांना पाणी सुटले. सूनबाई पदर सावरून भिंतीशी उभ्या, नातवंडे दाराआड. बाबा आपल्याच घरात परक्यासारखे अंग चोरून बसले होते. आणि ज्या हातांसाठी आम्ही गेलो होतो, ते हात थरथरत होते. दुपारपर्यंत आमच्या पदरात काही म्हणता काही पडले नाही.

जेवणानंतर विद्यार्थी दिवे आवरू लागले. बाबा उठले, आपली कोयती आणि कामट्या घेऊन माजघराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, आणि आमच्याकडे न पाहता कामाला लागले. मी पाहिले, तर वर कौलांत एक काचेचे कौल होते. त्यातून उन्हाचा एक चौकोन सारवलेल्या जमिनीवर पडला होता. बाबा त्या उन्हात बसले नव्हते. उन्हाच्या कडेला बसले होते. समोर उन्हात पांढऱ्या पिवळ्या कामट्यांचा ढीग, आणि त्याच्यावरून उठलेला मऊ उजेड त्यांच्या हातांवर, तोंडावर. मी विचारले, “बाबा, इथेच का बसलात?”

ते म्हणाले, “उन्हात बसलं तर डोळं दिपतात सर, आणि लांब बसलं तर दिसत नाय. उजेड सरकतो तसा मी सरकतो.”

श्रोतेहो, एवढ्या एका वाक्यात आमचा सगळा अभ्यासक्रम आला. हाच धडा सिनेमातल्या एका थोर माणसाने निराळ्या रीतीने घेतला होता. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ हा बंगाली चित्रपट १९५६ सालचा. त्याचे छायाचित्रकार सुब्रत मित्र. काशीच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. चौकात आभाळातून जसा सावलीविना मऊ उजेड उतरतो, तसा आणायचा कसा? त्यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत माणसांवर न टाकता त्या कापडावर टाकला. कापडावरून परतलेला उजेड खाली पसरला. आमच्या बाबांच्या कामट्या तेच काम करत होत्या. फरक इतकाच की, बाबांनी ते पोटासाठी शोधून काढले होते.

दुसऱ्या दिवसापासून दिवे बंद. आता त्या तीन दिवसांत जे शिकलो ते क्रमाने सांगतो. शिक्षकांनी हवे तर टिपून घ्यावे.

पहिली गोष्ट, माणसाला उजेडाकडे कसे बसवावे. दाराकडे किंवा खिडकीकडे पाठ करून बसवले, तर कॅमेऱ्याला मागचा लखलखाट दिसतो आणि तोंड काळे पडते. खिडकी माणसाच्या एका बाजूला घ्यावी. मग एक गाल उजळ, दुसरा किंचित सावलीत, आणि चेहऱ्याला उठाव येतो. सावलीची बाजू फारच काळी वाटली, तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा धरावा. तक्ता नसला तर धुतलेले धोतर दोरीवर टाकावे. काम तेच होते. तोंडावर ऊन थेट येत असले, तर खिडकीला पातळ मलमल लावावी.

दुसरी गोष्ट, घरातले दिवे. दिवसा चित्रण करताना आपण सवयीने पिवळा बल्ब लावून ठेवतो. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही मिसळले की माणसाचा अर्धा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. तेव्हा एकच उजेड ठेवावा. कॅमेऱ्यात ‘व्हाइट बॅलन्स’ नावाची सोय असते, म्हणजे पांढऱ्याला पांढरे कशाला म्हणावे हे कॅमेऱ्याला सांगण्याची सोय. ती आपोआपवर न ठेवता एकदा बसवावी आणि त्या जागेपुरती हलवू नये.

तिसरी गोष्ट, कॅमेऱ्याच्या तीन किल्ल्या. सिनेमा म्हणजे स्थिर चित्रांची माळच. आपण सेकंदाला पंचवीस चित्रे घेतो. अशा वेळी एकेका चित्रासाठी पडदा सेकंदाच्या एक-पन्नासांश भाग उघडा ठेवावा. याने हालचाल डोळ्यांना सहज वाटते. दुसराही एक फायदा आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ट्यूबलाइट तिच्याबरोबर लुकलुकत असते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळते. एक-पन्नासांश ठेवले तर तो लुकलुकाट चित्रात उतरत नाही. म्हणजे ही पहिली किल्ली एकदा लावली की तिला हात लावायचा नाही.

दुसरी किल्ली भिंगाच्या आतल्या झरोक्याची. कॅमेऱ्याबरोबर नेहमी जे भिंग येते, त्याचा झरोका फार तर साडेतीन अंकापर्यंत उघडतो. ‘पन्नास मिलिमीटर, एक पूर्णांक आठ’ या नावाचे एक साधे भिंग मिळते. त्याचा झरोका मोठा. त्यातून नेहमीच्या भिंगाच्या जवळजवळ चौपट उजेड आत येतो. अंधाऱ्या माजघरात या भिंगाने आम्हाला तारले. पण त्याला एक खोड आहे. झरोका पूर्ण उघडला की नेमके तेवढेच अंतर स्पष्ट दिसते. बाबा चार बोटे पुढे झुकले की हात अस्पष्ट! म्हणून काम चालू असताना आम्ही झरोका थोडा मिटून घेत असू.

तिसरी किल्ली आय.एस.ओ.ची. ही कॅमेऱ्याची उजेड वाढवून दाखवण्याची ताकद. चारशेचे आठशे केले की चित्र दुप्पट उजळ. मात्र रेडिओचा आवाज फार मोठा केला की खरखर वाढते, तसेच इथेही चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. आमच्या जुन्या कॅमेऱ्यात सोळाशेच्या वर गेलो की चित्र बिघडे. तेव्हा आधी माणसाला उजेडाजवळ न्यावे, मग झरोका उघडावा, आणि अगदीच भागेना तेव्हा ही किल्ली फिरवावी. या तिन्ही गोष्टी कॅमेऱ्यावर सोपवू नयेत. ढग आला की कॅमेरा आपोआप चित्र उजळतो, गेला की मंद करतो, आणि पाहणाऱ्याला वाटते कुणी दिव्याशी खेळते आहे.

चौथी गोष्ट, सूर्य कुणासाठी थांबत नाही. बाबांच्या घरात उन्हाचा चौकोन सकाळी पश्चिमेच्या भिंतीशी असे, दुपारी मधोमध येई, आणि कलतीला पूर्वेकडे जाऊन विझे. आता रोवळीचा तळ सकाळी चित्रित केला आणि तिचीच कड दुपारी, आणि पडद्यावर ती एकापाठोपाठ आली, तर ऊन उडी मारताना दिसते. म्हणून आम्ही एक वही केली. कोणते दृश्य किती वाजता घेतले, ऊन कुठे होते, ते एक विद्यार्थिनी लिहीत असे. प्रत्येक दृश्य आधी लांबून घ्यावे, मग जवळून. प्रत्येक वेळी कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून मनात दहा अंक मोजावेत. नवशिक्या माणसाचा हात फार वळवळतो. हात कॅमेऱ्याचा न वळवळता समोरच्या कारागिराचा हलू द्यावा.

पाचवी गोष्ट आवाजाची, आणि इथे मला माझी चूक कबूल करायची आहे.

डी.एस.एल.आर.च्या अंगचा ध्वनिग्राहक फारच साधा असतो. तो खोलीभरचा सगळा गोंगाट गोळा करतो. म्हणून आवाज वेगळा मुद्रित करावा लागतो. आम्ही साडेसहाशे रुपयांचा गळ्याशी लावायचा माइक घेऊन तो एका मोबाइलला जोडला होता. दृश्य सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, म्हणजे पुढे चित्र आणि आवाज जुळवताना खूण सापडते. हे सारे आम्ही शिकलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी कॅमेऱ्याची बॅटरी संपली, ती चार्जिंगला लावली. बाबा पान खाऊन भिंतीला टेकले आणि आपण होऊन बोलू लागले. हे काम त्यांना कुणी शिकवले, लहानपणी रोवळीचा कोपरा जमेना तेव्हा वडिलांनी तो हाताला हात धरून कसा वळवून घेतला, बाजाराला डोक्यावर हारे घेऊन किती चालत. पाऊण तास बोलले. मोबाइल चालू होता, माइक गळ्याशी होता. मी निर्धास्त ऐकत होतो.

संध्याकाळी पाहिले, तर मुद्रण तीन मिनिटांचेच! मध्येच त्या मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला होता आणि मुद्रण थांबले होते. कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना पुन्हा सांगण्याची विनंती केली. ते हसून म्हणाले, “आता नको. पुढच्या खेपेला सांगीन.” मीही म्हटले, बरे, काही घाई नाही. आणि माघ महिन्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली.

विद्यार्थ्यांनी आठवेल तितके लिहून काढले. ते वाचले तेव्हा मला कळले की, गोष्ट तीच आहे, पण शब्द आमचे आहेत. ते दुसऱ्या कुणाच्या आवाजात चित्रपटात घालणे आमच्या मनाला पटले नाही. म्हणून त्या अकरा मिनिटांत बाबांचे बोलणे फारसे नाही. बांबू फाटल्याचा आवाज आहे, कोयतीचा आहे, बाहेर कोंबडा आरवतो तो आहे.

तेव्हा ऐकणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. मोबाइलवर आवाज घेताना तो फ्लाइट मोडवर टाकावा. कानाला इयरफोन लावून एकाने सतत लक्ष ठेवावे. जवळ दुसरा मोबाइल असेल तर तोही चालू करून ठेवावा. आणि म्हातारे माणूस आपण होऊन बोलू लागले, तर पुढच्या खेपेवर भरवसा ठेवू नये.

आता खर्चाचा हिशेब. कॅमेरा, भिंग आणि तिवई यांचे चार दिवसांचे भाडे २,४०० रुपये. दोन मेमरी कार्डे १,००० रुपये. ३२ जी.बी.च्या एका कार्डात आमच्या कॅमेऱ्याचे सुमारे दीड तासाचे चित्रण मावले. माइक ६५० रुपये. थर्माकोल आणि दोरी १५० रुपये. एस.टी.चे भाडे आणि जेवणखाण २,३०० रुपये. बाबांचे चार दिवसांचे काम बुडाले, त्याची मजुरी २,००० रुपये. ही रक्कम कुणी विसरू नये. ज्याच्या घरात आपण शिरतो, त्याचा वेळ फुकट नसतो. ही झाली ८,५०० रुपयांची बेरीज. वर पहिल्या दिवशीच्या दिव्यांचे १,५०० रुपये, ती मी माझ्या अज्ञानाची फी समजतो. संकलन कॉलेजच्या संगणकावर फुकट मिळणाऱ्या एका प्रणालीत झाले. त्याला पैसे लागले नाहीत, पण तीन आठवड्यांच्या रात्री लागल्या.

चित्रपट पुरा झाल्यावर तो आधी बाबांच्या घरच्यांना दाखवला. त्यांची संमती घेतली, आणि मग एप्रिलमध्ये वाडीच्या शाळेत भिंतीवर पांढरी चादर बांधून सगळ्यांना दाखवला. बाबांना खुर्चीत बसवून आणले होते. पडद्यावर त्यांचे दोन्ही हात मोठे मोठे दिसू लागले, तेव्हा पोरे एकदम गप्प झाली. बाबा एकटक पाहत होते. कोपरा वळवण्याचे दृश्य आले, तसा त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप हलू लागला.

कार्यक्रम संपल्यावर त्यांचा नातू माझ्याकडे आला. मुंबईला कुठल्याशा कारखान्यात कामाला आहे, आजोबांसाठी रजा काढून आला होता. मला वाटले, चित्रपटाविषयी चार बरे शब्द बोलेल. तो म्हणाला, “सर, सिनेमा छान झालाय. पण कोपऱ्याचं तुम्ही थोडंच दाखवलंय. तुमच्याकडे ते सगळं असेल ना? कापलेलं, टाकलेलं, सगळं?”

होते. वहीत पाहिले, तर कोपरे वळवण्याचे चाळीस मिनिटांचे चित्रण निघाले. पडद्यावर फार लांबेल म्हणून आम्ही त्यातले दीड मिनिट ठेवले होते. मी ते सगळे त्याला पेन ड्राइव्हवर भरून दिले. पुढच्या मे महिन्यात तो एक रोवळी घेऊन घरी आला. कड ओबडधोबड होती, एक कोपरा फसला होता. उरलेले तीन जमले होते. “फसलेला आजोबांना दाखवला,” तो म्हणाला, “त्यांनी डाव्या हाताने सोडून टाकला. पुन्हा करायला सांगितलं.”

म्हणून शिक्षक मित्रहो, लघुपट करून झाला की उरलेले चित्रण पुसून टाकू नका. एक प्रत शाळेत ठेवा, एक त्या घरी द्या. तुमच्या गावात तांब्याची भांडी ठोकणारा कुणी असेल, होडी बांधणारा सुतार असेल, जात्याला टाकी लावणारा असेल. फोटो स्टुडिओत जाऊन कॅमेऱ्याचे भाडे विचारा. दिवे मागू नका. त्या माणसाच्या घरी सकाळी जा, आणि कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी तो काम करायला कुठे बसतो ते पाहा. आपली तिवई तिथेच लावावी.